उच्चदाब म्हणजे नेमका कसला दाब?

शब्दवेडी: दिवाळी अंकासाठी एका लेखाचं भाषांतर करतेय. वाक्य लिहिलं, 'उच्चदाबाखाली हायड्रोजन सल्फाइड अतिसंवाहक होतं.' बाबांना वाचून दाखवलं. ते वीज मंडळातून निवृत्त. लगेच म्हणाले, "किती केव्ही?" उच्चदाब वाहिनी, उच्चदाब ग्राहक यांत आयुष्य गेलेल्या माणसाला दाब म्हणजे व्होल्टेजच. त्यात अतिसंवाहक म्हणजे वीज विनारोध वाहू देणारा, म्हणजे वाक्यही वीज वाहण्याबद्दलचं! लेखातला दाब मात्र चेपण्याचा आहे. 'दबाव' लिहू का?

पाटीपेन्सिल: दबाव अजिबात नको. दबाव माणसावर येतो, पदार्थावर दाब. रक्तदाब, हवेचा दाब, कमी दाबाचा पट्टा.

गावठीपंडित: असं काही नाही हो. आमची आजी 'पोरांना दाबात ठेव' म्हणायची. आला की माणसावर दाब.

हिऱ्याचीऐरण: आकडाच द्या, घोळ मिटेल. 2015 मध्ये जर्मनीत माइंट्झला शास्त्रज्ञ एरेमेट्स यांच्या गटाने दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये हा पदार्थ चेपला. दाब साधारण 15 लाख वातावरणं, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या 15 लाख पट. 203 केल्विनला, म्हणजे उणे 70 अंशांना, त्याचा विद्युतरोध नाहीसा झाला. 1911 साली लायडनला पाऱ्यात हे पहिल्यांदा दिसलं, तेव्हा 4 केल्विनपर्यंत उतरावं लागलं होतं. 'वातावरणं' दिसल्यावर कोण केव्ही विचारेल?

शब्दवेडी: बाबा विचारतील 🙂

पाटीपेन्सिल: मुळात 'अतिसंवाहक' कशाला? 'अतिवाहक' सुटसुटीत आहे.

गावठीपंडित: वाहक एसटीत असतो. अतिवाहक म्हणजे एका डबल बेलवर तिन्ही गाड्या सोडणारा.

पोथीनिष्ठ: हसा, पण संस्कृतात संवाहक म्हणजे अंग चेपून देणारा. मृच्छकटिकात तसं पात्रच आहे, जुगारात हरून पुढे भिक्षू होतो तो. म्हणजे अतिसंवाहक हाच मुळात दाब देणारा! आणि हायड्रोजन काय? उद्जन लिहा. उद म्हणजे पाणी, ते जन्माला घालणारा.

गावठीपंडित: हायड्रोजनचाही ग्रीकमध्ये तोच अर्थ. मग बारसं दोनदा कशाला? बाकी जुगारी चेपणारा झकास.

शब्दवेडी: मंडळी, दुसरी अडचण याहून वाईट आहे. लेखात पुढे लोखंड येतं. दाब वाढवत नेला की त्याच्या अणूंची मांडणी बदलते, चुंबकत्व जातं आणि सुमारे दीड लाख वातावरणांच्या पुढे, 2 केल्विनच्या आसपास, तेच अतिसंवाहक होतं. मी लिहिलं, 'दाबाखाली लोखंड लोहचुंबक राहत नाही.' बाबा म्हणाले, "लोखंड लोहचुंबक होतं कधी? लोहचुंबक त्याला चिकटतो."

हिऱ्याचीऐरण: बाबांना माझा नमस्कार. शास्त्रात लोहचुंबकी हा पदार्थाचा प्रकार, बोलण्यात लोहचुंबक ही वस्तू. 'लोहचुंबकी' लिहा, ईकार वाचवेल. हायड्रोजनचंही उदाहरण घ्या हवं तर. पॅलॅडियम हा धातू लोहचुंबकी होण्याच्या अगदी काठावर असतो, त्यामुळे त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वाची चुळबुळ चालू असते आणि ती अतिसंवाहकतेला मारक ठरते. त्यात पुरेसा हायड्रोजन मुरला की चुळबुळ थांबते, आणि सुमारे 9 केल्विनला ते अतिसंवाहक होतं. जड हायड्रोजन (ड्यूटेरियम, हायड्रोजनचाच जास्त वजनाचा प्रकार) मुरवला तर 11 केल्विनला. एरवी जड अणूने अतिसंवाहक होण्याचं तापमान उतरतं, इथे उलटं.

पोथीनिष्ठ: 'मुरला'? वायू शोषला जातो.

हिऱ्याचीऐरण: स्पंज शोषतो, पिळला की सोडतो. इथे अणू जाळीच्या फटींत जाऊन बसतो आणि धातूची प्रकृती पालटते. मुरणंच ते.

शब्दवेडी: बरं, तूर्त 'प्रचंड दाबाखाली चेपल्यावर' लिहितेय. लांबलंय. लोखंडाचं वाक्य अजून तसंच आहे.

पाटीपेन्सिल: दाबाखाली चेपणं ही द्विरुक्ती आहे.

पोथीनिष्ठ: लोणचं मुरतं. मुरांबा मुरतो. जमिनीत पाणी मुरतं. वायू नाही.

गावठीपंडित: अंगात वारं मुरतं ते?