नागपूरच्या पोरांच्या इंग्रजीला हसणाऱ्यांसाठी

नंदनवनच्या मॅडम

परवा आपल्याच ग्रुपवर एका गृहस्थांनी 'नागपुरी इंग्रजीचे नमुने' म्हणून यादी टाकली. प्रीपोन, आउट ऑफ स्टेशन, कझिन ब्रदर, व्हॉट इज युअर गुड नेम, क्लोज द लाइट. शेवटी लिहिलं, अशी पोरं पुण्या-मुंबईला मुलाखतीला जातात आणि नागपूरची लाज काढतात, मास्तर काय शिकवतात कोण जाणे. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला बसले होते, पण ते लांबलं म्हणून वेगळं टाकते आहे.

मी स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते. उमरेड, कुहीकडची पोरं बस पकडून येतात. 'रिस्पॉन्सिबिलिटी', 'एन्व्हायर्न्मेंट' हे शब्द त्यांना अडवत नाहीत, ते पाठ होतात. पोरं अडतात ऑफ, अप, इन, आउट, येस, नो यांच्यापाशी. 'द लाइट वेंट ऑफ' म्हणजे लाइट गेली. 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म वाजायला लागला. मुलगा विचारतो, मॅडम, ऑफ म्हणजे बंद ना? फॉर्म 'फिल इन' करा नाहीतर 'फिल आउट', काम एकच. वर्धा रोडने जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. इनकरेक्ट, इनव्हिजिबल, इनकम्प्लीट शिकून आलेला मुलगा त्याचा अर्थ 'न पेटणारं' असाच लावणार! तो 'इन' नकाराचा नाहीच, लॅटिनमधल्या 'पेटवणे' या क्रियापदातून शब्दाबरोबर आलेला आहे. अमेरिकेतही लोक इथेच फसायचे. तिथल्या आगप्रतिबंधाचं काम करणाऱ्या संस्थेने १९२०च्या दशकात 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला तो त्यामुळेच. ज्यांची ती मायबोली आहे त्यांना पाटी बदलावी लागली, आणि आमच्या पोरांनी मात्र जन्मतः समजून घ्यायचं.

माझा एक विद्यार्थी बुटीबोरीला एका कारखान्यात मुलाखतीला गेला. साहेबांनी विचारलं, 'यू डोन्ट हॅव एनी एक्स्पीरियन्स?' हा म्हणाला, 'येस सर.' मराठीत आपण असंच बोलतो. 'तुला अनुभव नाही?' 'हो, नाही.' साहेबांनी अनुभव आहे असं टिपून घेतलं. पुढच्या फेरीत सर्टिफिकेट मागितलं. ते कुठून देणार? खोटं बोलला म्हणून बाहेर काढलं त्याला. इंग्रजीत तिथे 'नो' म्हणावं लागतं, कारण तिथलं येस-नो समोरच्याच्या वाक्याला नसतं, खरं काय आहे त्याला असतं. हे शाळेत त्याला कोणीही सांगितलेलं नव्हतं. त्या पोराचा चेहरा आठवला की अशा याद्यांवर हसणाऱ्यांचा मला संताप येतो.

पोराच्या तोंडात आधीपासून जे आहे ते धरून शिकवा. तो 'सिन्स टेन इयर्स' का म्हणतो? आपल्याकडे 'दहा वर्षांपासून' आणि '२०१५ पासून' दोन्हीकडे पासूनच. इंग्रजीत पहिल्याला फॉर, दुसऱ्याला सिन्स. एवढं समोरासमोर मांडलं की गाठ सुटते.

धंतोली एचआर

मॅडम, ती पोस्ट माझी. लपत नाही. मी रोज अर्ज वाचतो. 'आय पास्ड आउट इन २०१९' असं लिहिलेलं आमच्या अमेरिकेतल्या क्लायंटने वाचलं तर पोरगं तेव्हा बेशुद्ध पडलं होतं असं त्याला वाटतं. 'आय विल रिव्हर्ट' म्हणजे आपल्याकडे उत्तर देतो, तिकडे पूर्वीच्या स्थितीला जातो. टेबलापलीकडचा माणूस तुमचा 'पासून' समजून घ्यायला बसलेला नसतो. त्याला दहा मिनिटांत निवड करायची असते. तुम्ही पोरांना कारणं देता, मी त्यांना बाजार दाखवतो. माझ्या वडिलांनी मला इंग्रजी येत नाही म्हणून चारचौघांत सुनावलं, तेव्हाच मी शिकलो.

बर्डीचा भाऊ

काऊन बाप्पा, शब्द गोऱ्याने केला तर शब्द, आपण केला तर चूक? प्रीपोन ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, पाहून घ्या. पोस्टपोनच्या उलटा शब्द त्यांच्यात चालत नव्हता, आपण चालवला. आणि पासआउट आपण घरी नाही बनवलं. लष्करात पासिंग आउट परेड होते, तिथे काय सगळे बेशुद्ध पडतात?

अजून एक ऐका. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन येते, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद होतात. तिथे बिल 'टेबल' केलं म्हणजे पटलावर ठेवलं, आता चर्चा होईल. अमेरिकेत 'टेबल' केलं म्हणजे बाजूला सारलं, चर्चा नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज अन् अमेरिकन अधिकारी याच शब्दावरून बैठकीत भांडले, दोघांच्या मनात एकच गोष्ट होती तरी. चर्चिलनं लिहून ठेवलं आहे. ते भांडले तर इतिहास, आमचं पोरगं चुकलं तर लाज?

कर्वेनगर ते त्रिमूर्तीनगर

लग्न होऊन पुण्याहून इथे आले, कॉलेजात शिकवते. राग मानू नका, पण मूळ दुखण्यावर कोणीच बोट ठेवत नाही. 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे कुठून येतं? 'करून राहिलो, जाऊन राहिलो'मधून. ज्याची मराठीच हिंदीच्या साच्यातली आहे त्याचं इंग्रजी सरळ कसं येणार? आधी मराठी शुद्ध करा. माझ्या मुलीला मी घरात 'राहिलो' बोलू देत नाही.

बर्डीचा भाऊ

ताई, राग आलाच. तुमची पोरगी नागपूरच्या शाळेत शिकते, नागपूरचं पाणी पिते अन् तिच्या मैत्रिणी बोलतात ते तुम्हाला अशुद्ध. माझी आजी सगळं आयुष्य 'राहिलो' बोलली. पुण्याला होस्टेलात होतो तेव्हा मी तोंड उघडलं का पोट्टे माझी नक्कल करायचे. महिनाभर मी मेसमध्ये भाजी मागायलाही लाजलो. ते पुन्हा माझ्याच गावात ऐकून नाही घेणार.

महालचे गुरुजी (निवृत्त)

दोघेही जरा थांबा. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती, नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची. कचेरीत, बाजारात, शाळेत मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी नांदल्या. 'राहिलो' त्या शेजारातून आलं. ती बोली आहे, बिघाड नाही.

आणि बाई, तुमचं निदानच चुकतं आहे. 'आय ॲम हॅविंग' तमिळ माणूस म्हणतो, बंगाली म्हणतो, तुमचे पुणेकरही म्हणतात. त्यांच्या घरी कोण 'राहिलो' बोलतं? 'आउट ऑफ स्टेशन'सुद्धा नागपूरचा नव्हे. इंग्रज अंमलदाराची नेमणूक ज्या ठिकाणी ते त्याचं स्टेशन. तो गावाबाहेर गेला की आउट ऑफ स्टेशन. त्यांचाच शब्द, त्यांनी टाकला, आपण जपला.

माझी तक्रार वेगळी आहे. २००० साली सरकारने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं, त्याआधी पाचवीपासून होतं. चार वर्षं वाढली, पण मी ज्या शाळांत होतो तिथे शिक्षकाला बोलण्याचा सराव कोणी दिला नाही. पोर 'ए फॉर ॲपल' म्हणत वर्षानुवर्षं पुढे सरकलं. त्यावर एक धागा काढा.

कर्वेनगर ते त्रिमूर्तीनगर

तमिळ लोकांचा मुद्दा मान्य करावा लागेल. तरीही प्रमाण मराठी यायला हवी, हे मी सोडणार नाही. आणि नक्कल करणाऱ्या पोरांचा हिशोब माझ्या नावावर मांडू नका.

नंदनवनच्या मॅडम

राहिलो निघालंच आहे तर सांगते, मी ते वर्गात वापरते. 'मी खाऊन राहिलो', आय ॲम ईटिंग. चपखल बसतं. पुढे विचारते, 'मला दोन भाऊ असून राहिले' म्हणतो का कोणी? सगळा वर्ग ओरडतो, नाही! मग 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'ही नाही. 'मला माहीत असून राहिलं'? नाही. मग 'आय ॲम नोइंग'ही नाही. ज्या बोलीला तुम्ही घरात बंदी घातली, ताई, तीच चूक पकडून देते. सगळीकडे चालत नाही, हेही सांगते. 'समजून नाही राहिलं' आपण म्हणतो, म्हणून 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' तोंडात येतं. 'दिसून राहिलं'चंही तेच. ही दोन-चार क्रियापदं फळ्यावर वेगळी लिहून घोकून घ्यावी लागतात, त्याला इलाज नाही.

मिहान नाइट शिफ्ट

मी फोनवर इंग्रजी बोलूनच पगार कमावते. ट्रेनिंगमध्ये असताना शिफ्ट संपली आणि ट्रेनरला म्हणाले, 'ओके मॅम, आय ॲम कमिंग.' घरून निघताना 'येते' म्हणायचं, 'जाते' म्हणायचं नाही, हे आईने लहानपणापासून शिकवलेलं. मी कॅबमध्ये बसून निघाले आणि त्या माझी वाट बघत थांबल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलल्या. नंतर कितीतरी दिवस मी मीटिंगमध्ये गप्प बसायचे. एचआर सर, तुम्हाला वडिलांच्या बोलण्याने जिद्द आली. मला तेव्हा नोकरी सोडावीशी वाटली होती.

धंतोली एचआर

ठीक आहे. नागपुरी हा शब्द शीर्षकातून काढतो, गुरुजी म्हणतात ते बरोबर आहे, हे देशभर चालतं. यादी काढणार नाही. मुलाखतीला जाण्याआधी पोरांना ती ठाऊक असलीच पाहिजे. आणि प्रीपोन शब्दकोशात असला तरी परदेशी क्लायंटच्या मेलमध्ये मी तो खोडणारच.

नंदनवनच्या मॅडम

खोडा, माझी हरकत नाही. पण यादीत प्रत्येक शब्दासमोर पोरगं असं का म्हणतं आणि तिथे काय म्हणायचं, दोन्ही लिहा. लिहायला मी मदत करते. आणि मुलाखतीत 'यू डोन्ट हॅव?' असं विचारायचं तुमच्या लोकांनीही सोडावं. 'डू यू हॅव?' विचारा.

बर्डीचा भाऊ

हे शेवटचं पहिल्यांदा करा. पोट्टे नंतर शिकतील.

उमरेडची आई

सगळं वाचलं. माझ्या मुलीची सोमवारी मुलाखत आहे. साहेबांनी उलटाच प्रश्न विचारला तर तिने काय म्हणायचं, तेवढं सांगा.

नंदनवनच्या मॅडम

ताई, नुसतं येस किंवा नो म्हणून थांबायचं नाही. अनुभव नसेल तर 'आय डोन्ट हॅव एक्स्पीरियन्स, सर', असेल तर 'आय हॅव एक्स्पीरियन्स, सर', पूर्ण वाक्य. रविवारी चारला तिला क्लासवर पाठवा, असे प्रश्न तिच्याकडून वीस वेळा करून घेते. फी नको.