विंडोज ११ वर गेल्यावर जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्डाला कोणता ड्रायव्हर ठेवावा?

कर्वेनगर_एडिट
विंडोज १० वरून विंडोज ११ (२४एच२) वर थेट अपग्रेड केलं आहे, फॉरमॅट नाही. आय५-८४००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी. अपग्रेडनंतर एनव्हीडिया कंट्रोल पॅनल गायब आहे आणि दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन चालवताना स्क्रीन सेकंदभर काळी होऊन परत येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर ३१.०.१५.३६२३ दिसतो. विंडोज अपडेटने दिलेलाच ठेवू की एनव्हीडियाच्या साइटवरून घेऊ? गेम रेडी (गेमसाठीचा) की स्टुडिओ (एडिटिंगसाठीचा)? डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) चालवावंच लागेल का? दुकानदार म्हणतो कार्ड गेलंय, नवीन घ्या.

औंध_सिस्टिम
नवीन कार्डाचा विचार सध्या बाजूला ठेवा. तुमच्या आकड्यातले शेवटचे पाच अंक घ्या: ५३६२३, म्हणजे ५३६.२३. ही २०२३ सालची आवृत्ती आहे, विंडोज अपडेटने तीच आणून बसवली. नुसत्या डिस्प्लेसाठी ती पुरते, रिझॉल्व्हसाठी नाही.

साइटवर 'लेटेस्ट' दिसेल ते डोळे झाकून उतरवू नका. मॅक्सवेल आणि पास्कल या एनव्हीडियाच्या जुन्या पिढ्यांच्या कार्डांसाठी नियमित गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षा अपडेट. तुमचं १०५० टीआय पास्कलच आहे, त्याची शेवटची शाखा (ड्रायव्हर आवृत्त्यांची मालिका) ५८०. ५९० चा इन्स्टॉलर उतरवलात तर 'कंपॅटिबल हार्डवेअर सापडलं नाही' असं सांगून बंद पडतो आणि लोकांना वाटतं कार्ड खराब झालं. मॅन्युअल सर्चमध्ये जीफोर्स १० सीरीज, मग १०५० टीआय, मग विंडोज ११ निवडा. जे येईल तेच घ्या. एडिटिंगसाठी स्टुडिओ मिळत असेल तर तो. पण स्टुडिओची आवृत्ती जुनी आणि सुरक्षा अपडेट नवीन असेल तर नवीन घ्या, वेगात फरक जाणवणार नाही.

इन्स्टॉलरमध्ये 'एक्सप्रेस' नको. 'कस्टम' निवडून 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर टिक करा. जुन्या थ्रीडी सेटिंग्ज पुसल्या जातात, तेवढं लक्षात असू द्या. कंट्रोल पॅनल रीस्टार्टनंतरही दिसलं नाही तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळं घ्यावं लागतं. डीसीएच ड्रायव्हरचं, म्हणजे विंडोजच्या आताच्या पद्धतीच्या ड्रायव्हरचं, ते तसंच असतं.

सिंहगड_रोड_पीसी
सहमत. फक्त एक भर: थेट अपग्रेडमध्ये जुन्या ड्रायव्हरचे अवशेष राहतात, त्यामुळे क्लीन इन्स्टॉलेशननंतरही स्क्रीन काळी होत असेल तर डीडीयू. आधी नाही. क्रम असा: नवा ड्रायव्हर आणि डीडीयू दोन्ही डिस्कवर उतरवून ठेवा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणं) चालू आहे का पाहा, असल्यास रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कारण सेफ मोडमध्ये जाताना ती मागितली जाऊ शकते. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागेल, तोही आठवत असू द्या. मग लॅन केबल काढा, वायफाय बंद. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, ४. डीडीयूत 'क्लीन अँड रीस्टार्ट'. नेट न जोडताच नवा ड्रायव्हर टाका.

नेट आधी जोडलंत तर विंडोज अपडेट पुन्हा तोच ५३६ आणून बसवतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. ड्रायव्हर बसल्यावर सेटिंग्जमधून अपडेट एक आठवडा 'पॉज' करा आणि तेवढ्यात काम तपासा. यूपीएस नसेल तर हे गुरुवारी करू नका, आपल्याकडे पुण्यात त्या दिवशी देखभालीसाठी लाईट जाते. ड्रायव्हर अर्धवट बसला की विंडोजच्या साध्या कामचलाऊ बेसिक डिस्प्ले अडॅप्टरवर अडकाल.

कर्वेनगर_एडिट
५८० शाखेतला स्टुडिओ क्लीन इन्स्टॉल केला, कंट्रोल पॅनल आलं. काळी स्क्रीन खूप कमी झाली, पण नोड (रिझॉल्व्हमधले इफेक्टचे टप्पे) जास्त लावले की अजून होते.

औंध_सिस्टिम
इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. त्या वेळेला 'डिस्प्ले' स्रोताची नोंद ४१०१ आहे का बघा. तिचा अर्थ जीपीयूने (कार्डावरच्या ग्राफिक्स चिपने) वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर रीसेट केला. तुमच्याकडे बहुधा ४ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरतोय: टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर 'डेडिकेटेड मेमरी' ४ च्या टोकाला टेकते का पाहा. टेकत असेल तर टाइमलाइन प्रॉक्सी (एडिट करताना दिसणारं हलकं चित्र) निम्म्या रिझोल्यूशनवर आणा आणि नॉइज रिडक्शनचा नोड काम संपेपर्यंत बंद ठेवा.

मेमरी भरत नसेल तर ग्राफिक्स सेटिंग्जमधलं हार्डवेअर-अॅक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग बंद करून रीस्टार्ट करा. तेवढ्याने थांबलं नाही तर मग हार्डवेअर: कार्ड काढून स्लॉट आणि पंख्यातली धूळ साफ करा, पुन्हा पक्कं बसवा. बऱ्याच १०५० टीआयना वेगळी पॉवर केबल नसते, सगळी वीज स्लॉटमधूनच येते, त्यामुळे ढिलं बसलेलं कार्ड लोड आल्यावरच त्रास देतं.

सिंहगड_रोड_पीसी
आणि रिझॉल्व्हची नवीन आवृत्ती टाकण्याआधी तिच्या रिलीज नोट्समध्ये किमान ड्रायव्हर कोणता लागतो ते वाचा. ५८० च्या पुढचा मागितला असेल तर आहे तीच आवृत्ती ठेवा. ती नवीन आवृत्ती हवीच असेल तर मात्र नवीन कार्डाचा खर्च येतो.