नागपुरात राहून मुंबईत फायनान्सची नोकरी कशी शोधायची?

मानेवाडा_एमकॉम:
नमस्कार. मी धरमपेठेतल्या एका सीए ऑफिसात तीन वर्षांपासून आहे. जीएसटी रिटर्न, बँक रिको (खातेवही आणि बँक स्टेटमेंटचा मेळ), टॅक्स ऑडिट आणि दोन बँक शाखांचं कन्करंट ऑडिट (व्यवहार चालू असतानाच होणारी तपासणी), एवढं काम करते. आता मुंबईत फायनान्समध्ये जायचं आहे. पोर्टलवर ‘फायनान्स एक्झिक्युटिव्ह’ शोधून अर्ज करून राहिली. फोन येतो, पहिला प्रश्न "सध्या कुठे राहता?" नागपूर म्हटलं की "कळवतो" म्हणून ठेवून देतात. बाबा म्हणतात राजीनामा दे आणि डोंबिवलीला आत्याकडे राहून शोध. आईला ते पटत नाही. रेझ्युमेवर आत्याचा पत्ता टाकू का?

खामल्याची_ताई:
राजीनामा देऊ नको. हातात नोकरी असली की पगाराची बोलणी नीट होते. आत्याकडे दोन महिने काढले की मिळेल ते घ्यावंसं वाटतं, आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी तोच पगार विचारतात.

मी मूळची खामल्याची. सध्या मुंबईत एका बँकेच्या क्रेडिट मॉनिटरिंगमध्ये (दिलेल्या कर्जांवर नजर ठेवणाऱ्या विभागात) आहे, टीममध्ये माणसं घेताना मुलाखतीला मीही बसते. तू कन्करंट ऑडिट यादीत शेवटी टाकलंस, खरं तर तेच तुझं भांडवल आहे बाई! शाखेत बसून कॅश क्रेडिट खात्याचं (धंद्यासाठी मालावर दिलेल्या खेळत्या कर्जाचं) स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे कर्जदाराने दिलेला मालाचा हिशेब, तपासतेस ना? एकूण मालातून उधारीवर आणलेला माल वजा करायचा, मार्जिन (कर्जदाराने स्वतः घालायचा वाटा) कापायचं, साधारण ९० दिवसांच्या आतली येणी धरायची आणि ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती रक्कम उचलता येईल ती मर्यादा, काढायची. स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं निघालं तर त्यावर उचललेली रक्कम अनियमित धरतात, हेही तुला पाठ असणार. इथल्या बँकांच्या आणि एनबीएफसींच्या (बँक नसलेल्या वित्त कंपन्यांच्या) क्रेडिट विभागात दिवसभर हेच चालतं. जोडीला थकबाकीवर नजर: ३० दिवसांपर्यंत एसएमए-० (एसएमए म्हणजे खातं बिघडू लागल्याच्या पायऱ्या), ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२, त्यापुढे एनपीए, म्हणजे थकीत कर्ज.

म्हणून ‘फायनान्स एक्झिक्युटिव्ह’ शोधणं आजपासून बंद. त्या नावाखाली बिलं चढवायची कामंही येतात. ‘क्रेडिट मॉनिटरिंग’, ‘क्रेडिट अ‍ॅनालिस्ट’, ‘क्रेडिट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ टाकून बघ. रेझ्युमेत ऑडिट सगळ्यात वर घे आणि कोणत्या धंद्यांची खाती पाहिलीस ते लिही. कळमन्याचे धान्य व्यापारी, इतवारीचे होलसेलवाले, हिंगणा एमआयडीसीतली छोटी युनिटं, असं काहीही असेल ते. गोदामात पाय ठेवलेला उमेदवार आमच्याकडे फार कमी येतो. मी मुलाखतीत एक प्रश्न हमखास विचारते: व्यापाऱ्याच्या ऑगस्टच्या स्टेटमेंटमध्ये तुरीचा साठा फेब्रुवारीपेक्षा मोठा दिसला, तर काय करशील? आवक जानेवारी ते मार्चमध्ये असते, मग ऑगस्टात एवढा माल आला कुठून? खरेदीची बिलं, गोदामाच्या पावत्या, विम्याची रक्कम, हे मागायला हवं. विदर्भातल्या मुलीला हे सुचतं. ताळेबंदाची नुसती रेशो पाठ केलेल्यांना नाही सुचत, आणि बँकेचे पैसे तिथेच बुडतात.

आत्याचा पत्ता टाकू नको. उद्या ११ वाजता या म्हणाले तर काय सांगशील? नावाखाली सरळ लिही: ‘नागपूर. मुंबईत स्वखर्चाने रुजू होण्यास तयार. नोटीस ३० दिवस.’ जी काय नोटीस असेल ती. फोनवरही त्यांनी विचारायच्या आधी हेच सांगून टाक. पहिली फेरी बहुतेक व्हिडिओवरच होते. प्रत्यक्ष बोलावलं तर दुरांतो आहे, रात्री बसलीस की सकाळी सीएसएमटी.

आणि ट्रेनिंगच्या किंवा डिपॉझिटच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर फोन ठेवून दे.

ऐरोलीवाला:
ताईंशी सहमत. दुसरा रस्ता म्हणजे फंड अकाउंटिंग आणि ऑपरेशन्स, म्हणजे गुंतवणूक फंडांचे रोजचे हिशेब आणि व्यवहार सांभाळणं. तशी ऑफिसं ऐरोली, मालाड, पवईकडे भरपूर. रिकोवर हात बसलेला असेल तर घेतात. फक्त शिफ्ट आधी विचारून घ्या. म्युच्युअल फंडांची एनएव्ही (एका युनिटची किंमत) बहुतेक योजनांसाठी त्याच दिवशी रात्री ११ पर्यंत जाहीर करावी लागते. अमेरिकेत २८ मे २०२४ पासून शेअर व्यवहारांचं सेटलमेंट टी+१ झालं, म्हणजे सौद्यानंतर एका कामकाजाच्या दिवसात पुरं व्हायला लागलं, तेव्हापासून तिकडचं काम पाहणाऱ्या आमच्या टीमची रात्र लांबली. डोंबिवलीहून ऐरोलीला ठाण्यात ट्रान्स-हार्बर पकडून जाता येतं, पण रात्री परतताना कॅब दारापर्यंत सोडते का, हे ऑफर घेण्याआधी लेखी घ्या.

मानेवाडा_एमकॉम:
ताई, खूप आभार. तुरीचा प्रश्न वाचून दोन खाती डोळ्यासमोर आली. अजून एक. सरांना कधी सांगू? सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटची गडबड असते आणि रेफरन्सही त्यांचाच द्यावा लागेल.

खामल्याची_ताई:
ऑफर लेटर हातात आलं की त्याच दिवशी, समोर बसून. रुजू व्हायची तारीख ऑक्टोबरातली माग. टॅक्स ऑडिट पुरं करून येते म्हटलं तर आमच्याकडे तरी थांबतात, आणि सरांचाही रेफरन्स मनापासूनचा मिळेल. तोवर रेफरन्सच्या जागी ‘ऑफरनंतर देईन’ लिहिलं तरी चालतं.

ती दोन खाती मुलाखतीत जरूर सांग, पण ‘एक धान्य व्यापारी’ एवढंच म्हण. कर्जदाराचं नाव, शाखा, खरे आकडे काही यायला नको. ऑडिटचा कागद नमुना म्हणून तर कोणालाच पाठवू नको, मागितला तरी. रेझ्युमे बदलला की नाव आणि नंबर काढून इथे टाक, मी रविवारी बघते.