कौटुंबिक शिबिर म्हणे!

तंबूठोक्या
परवा इथे 'झेंडूची आई' यांनी त्यांच्या स्काऊटच्या ओपन ग्रुपच्या (म्हणजे शाळेबाहेरच्या गटाच्या) कौटुंबिक शिबिराचं साग्रसंगीत वर्णन टाकलं. कर्जतजवळ फार्महाऊस, दोन रात्री, माणशी अडीच हजार, आई-बाबा-आजी सगळे सोबत. फोटोत बाबालोक मोबाइलवर व्हिडिओ बघत तंबू उभारतायत, आया पोह्यांना फोडणी घालतायत आणि स्कार्फवाली पोरं खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतायत. खाली बदामांचा सडा. 'किती छान बाँडिंग!' तिथेच लिहायला घेतलं होतं, पण प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा.

मी बरीच वर्षं एक स्काऊट पथक चालवतो. शिबिराला पालकांनी पहिल्या दिवशी गेटपर्यंत यायचं आणि शेवटच्या रात्री शेकोटीला. मध्ये तोंड दाखवायचं नाही. सहा-आठ पोरं, चौदा वर्षांचा संघनायक, त्यांची चूल, त्यांचा शिधा. भात करपला तर तोच खायचा. दुसऱ्या दिवशी तो संघ आपणहून पाण्याचं माप विचारायला येतो. बाप शेजारी असेल तर तो आदल्या दिवशीच माप सांगून मोकळा होतो, आणि आई असेल तर पातेलंच तिच्या हातात जातं. काठ्या-दोरीची गॅजेटं बाबांनी बांधायची, तपासणीत मार्क पोरांना. मग पोर शिकतं काय, तर फोटोला उभं राहायला.

१९०७ साली इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर स्काऊटचे जनक बेडन-पॉवेलनी वीसेक मुलं नेली, त्यांचे चार संघ केले. ईटनसारख्या शाळांतली बड्या घरची पोरं आणि कामकऱ्यांची पोरं एकत्र. त्यांच्या आया किनाऱ्यावर डबे घेऊन उभ्या नव्हत्या.

सहल काढा की, कोण अडवतंय. तिला शिबिर म्हणू नका, आणि स्कार्फ घालून तर मुळीच जाऊ नका.

झेंडूची आई
नाव घेऊन लिहिलंत, बरं केलंत. नाहीतर 'काही ग्रुपमध्ये' असं लिहायची पद्धत आहे.

ते कब-बुलबुल होते हो, स्काऊट-गाईडमधली सगळ्यात लहान मुलं-मुली. आठ-नऊ वर्षांचे. स्कार्फ दिसला, त्याखालचं एवढंसं पोर दिसलं नाही? त्यातली निम्मी आईशिवाय एक रात्र कुठे राहिलेली नाहीत. त्यांच्या हातात चूल देऊ?

आणि बस ठरवणं, संमतिपत्रं गोळा करणं, कुणाला शेंगदाणा चालत नाही, कोण रात्री अंथरूण ओलं करतं याची यादी ठेवणं, हे कोण करतं? ग्रुप कमिटीत कागदावर भरपूर नावं आहेत. प्रत्यक्षात आम्ही तीन बायका. तुमच्या शिबिराचा शिधा कोण भरतं तेही लिहा एकदा. वहिनी का?

राहिलं ब्राउनसी. तिथे साहेब स्वतःचा नऊ वर्षांचा पुतण्या घेऊन गेले होते, डोनाल्ड नावाचा. घरचं माणूस त्यांना चाललं. आमचंच खुपतंय.

तंबूठोक्या
डोनाल्ड तिथे ऑर्डर्ली होता. कामाला नेला होता, खुर्चीवर बसवायला नाही.

कब असतील तर थोडी सूट. थोडी. पण तिसऱ्या फोटोतला मिसरूड फुटलेला मुलगा कब असेल तर मी बुलबुल.

झेंडूची आई
तो माझा भाचा आहे. सामान उचलायला आला होता. तुम्ही बुलबुल कसे दिसाल याची मात्र उत्सुकता आहे.

गुरुजी नाइलाजाने
दोघंही सुखी आहात. तुमच्याकडे हौसेने आलेली माणसं आहेत. मला मुख्याध्यापकांनी 'तुम्ही तरुण आहात' म्हणून स्काऊट दिलं. सात दिवसांचा बेसिक कोर्स केला, भर मे महिन्यात. वर बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, रोज एक नवी ऑनलाइन माहिती. पालकांनी यावं म्हणून मी हात जोडतो, कुणी फिरकत नाही. येतात ते दहावीच्या वाढीव गुणांची चौकशी करायला. 'सर, राज्य पुरस्काराचं सर्टिफिकेट वेळेत मिळेल ना?' पोराला क्लोव्ह हिचची गाठ येते का, हे आजवर एकाही पालकाने विचारलेलं नाही.

आणि शिबिराचं काय घेऊन बसलात! खरं नाटक खरी कमाईत चालतं, म्हणजे पोरांनी स्वतः काम करून पैसे मिळवायच्या स्काऊटच्या उपक्रमात. शाळाशाळांत आता खरी कमाई म्हणजे खाऊचे स्टॉल. आया वडे तळून देणार, पोरं मांडून बसणार, विकत घेणार तेच पालक. बेसन, तेल, गॅस हिशेबात धरायचा नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसह बातमी, विद्यार्थ्यांनी गिरवले व्यवहाराचे धडे. खर्च वजा केला तर निम्म्या स्टॉलचं दिवाळं निघेल.

सांडगी मिरची
ते वडे मी तळलेत, सर. पहाटे उठून, ऑफिसला जायच्या आधी. स्टॉलवर पाटी 'शेफ अथर्व'. शेफ तेव्हा झोपले होते.

पण शाळेनेच पत्रक काढलं होतं ना, की विद्यार्थ्यांना गॅसजवळ जाऊ देऊ नये आणि पदार्थ घरून तयार करून आणावेत? मग तळणार कोण? त्या पत्रकावर स्काऊटमास्तरांचीच सही होती. तुमच्यासारख्याच कुणा नाइलाजाने काम करणाऱ्यांची असेल.

गुरुजी नाइलाजाने
सही करायला सांगतात, ताई. केली नाही तर उद्या कुणी भाजलं की नाव माझं.

जुना रोव्हर
आमच्या वेळी स्टॉल वगैरे नव्हतं. प्रत्येकाला खरी कमाईचं कार्ड मिळे. घरोघर जाऊन विचारायचं, काही काम आहे का? सायकल पुसणे, दळण आणणे, बागेला पाणी, माळ्यावरची धूळ. काम झालं की कार्डावर कामाचं स्वरूप, रक्कम आणि सही. चार आणे, आठ आणे. एका वकिलांनी दिवसभर फायली लावून घेतल्या आणि दहा पैसे टेकवले. नाव अजून लक्षात आहे, लिहीत नाही. विलायतेत १९४९ पासून 'बॉब-अ-जॉब' नावाने हेच चाले, एका कामाला एक शिलिंग. तिथेही पुढे बंद पडलं.

आज पोराने शेजाऱ्याकडे काम केलेलं पालकांना चालत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला मी म्हटलं, माझ्याकडची चार भांडी घास, कार्डावर सही देतो. संध्याकाळी त्याचे वडील दारात. 'आमच्या मुलाला कामवाली समजलात का?' श्रमप्रतिष्ठा म्हणून काही उरलेली नाही. शिबिरात आई पोहे करते यात नवल ते काय?

सह्यकडा
अगदी अगदी. काका, लिहीत राहा.

पत्र्याची चाळ
काका, तुमच्याकडची भांडी एरवी कोण घासतं?

विचारायचं कारण सांगतो. माझी आई चार घरची भांडी करायची. मी महापालिकेच्या शाळेतला स्काऊट. खरी कमाईला आम्हाला पलीकडच्या कॉलनीत पाठवलं, दोघादोघांच्या जोड्या करून. आमच्या जोडीला जे घर आलं ते आईच्याच कामाचं. बाई मला बघून म्हणाल्या, 'अरे, तू होय! बरं झालं, आज ती आली नाही, तूच उरकून टाक.' माझ्या जोडीदाराला कुंड्यांना पाणी घालायला दिलं. कार्डावर दोघांची रक्कम सारखी. त्याच्यासाठी सरबत आलं, त्याचा फोटो काढला. मी मोरीत होतो.

तुमच्या सोसायटीतल्या पोराने भांडी घासली तर संस्कार. आम्ही घासली तर त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. ते वडील दारात भांडायला आले ना, मला ते जास्त प्रामाणिक वाटतात. मनातलं बोलले तरी.

जुना रोव्हर
मी एका चांगल्या उपक्रमाची आठवण सांगितली. प्रत्येक विषयात जातपात आणायची सवय लागली आहे लोकांना. आम्हीही काही गादीवर वाढलो नाही. वारावर जेवून शिकलेल्या माणसाचा मुलगा आहे मी.

पत्र्याची चाळ
जात मी काढलीच नव्हती. तुम्ही काढलीत.

आणि भांडी कोण घासतं ते राहिलंच.

जुना रोव्हर
आपल्याशी बोलण्यात अर्थ नाही.

तंबूठोक्या
मंडळी, विषय शिबिराचा आहे. खरी कमाईसाठी वेगळा धागा काढा.

गुरुजी नाइलाजाने
काढायला कशाला हवा? हाच तो.

पत्र्याची चाळ
शिबिराचंच बोलतो मग. माणशी अडीच हजार म्हणजे आई-बाप-पोर मिळून साडेसात. वर आईचे दोन खाडे, त्याचे पैसे कापले जाणार ते वेगळे. एखाद्या घरची बाई तर म्हणणार, येऊच नकोस आता. कौटुंबिक म्हटलं की आमच्यासारख्याचं पोर आपोआप गळतं, कुणाला नाही म्हणावंसुद्धा लागत नाही. तंबूठोक्यांच्या शिबिराला मी गेलो असतो. एकटा, थोडी वर्गणी आणि घरचे तांदूळ घेऊन. तिथे कुणाचे आई-बाबा काय करतात हे तीन दिवस कळत नाही.

पण शेकोटीला पालक बोलावता ना, तेही जरा बघा. आमच्या सरांनी बोलावले होते. माझी आई आली नाही. मी सांगितलं, गावी गेलीय. ती दोन गल्ल्या सोडून कामाला होती.

तंबूठोक्या
ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. शेकोटी बंद करणार नाही, पण निमंत्रण कसं द्यायचं ते बघायला हवं.

जर्सीचा डेन लीडर
उशिरा आलो. इथे न्यू जर्सीत कब पॅक सांभाळतो. सगळ्यात लहान गटांत पालक सोबत असणं सक्तीचं आहे, तेव्हा झेंडूच्या आईंना माझा पाठिंबा. पण पालक वाट कशी लावतात ते आमच्या पाइनवुड डर्बीत बघा. १९५३ पासून चाललेली प्रथा. लाकडाचा ठोकळा, चार चाकं, वजन पाच औंसांच्या आत, गाडी मुलाने तासायची. जिंकते ती कुणातरी इंजिनिअर बापाने एक्सेलला पॉलिश करून, शिसं भरून, काट्यावर तोलून आणलेली. शेवटी आम्ही बापांची वेगळी शर्यत ठेवली. त्या वर्षीपासून मुलांच्या गाड्या वाकड्यातिकड्या यायला लागल्या. गर्ल स्काउटच्या कुकीज विकण्याचंही तेच. ऑफिसात फॉर्म फिरवणारे आई-बाबाच. आपले देशी पालक यात जराही मागे नाहीत.

पण तंबूठोक्या, तुमचं ते 'पालकांनी गेटपर्यंत' इथे चालणार नाही. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली ती लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांमुळे. ८२ हजारांवर दावे आले, कित्येक दशकांतले. आता कुठल्याही कार्यक्रमाला किमान दोन प्रौढ लागतात, एकट्या मुलाशी एकट्या मोठ्याने आडोशाला बोलायचं नाही आणि पालकाला कधीही येऊन बघायची मुभा. 'पालक नकोत' असं कुणी ठासून सांगितलं की माझे कान टवकारतात. तुमच्यावर शंका नाही.

तंबूठोक्या
शंका नाही म्हणत म्हणत घेतलीतच की! आयुष्याचे रविवार घातले या कामात, आणि तिकडे बसून हे ऐकायचं. आमच्याकडे दोन सहायक आहेत, एक गाईडर (मुलींच्या पथकाची शिक्षिका) मुक्कामाला असते, मुलांच्या तंबूत मोठ्यांनी झोपायचं नाही हा नियम मी स्वतः केलाय. अमेरिकेतल्या घाणीचा हिशेब माझ्या डोक्यावर कशाला?

जर्सीचा डेन लीडर
घाण तिकडचीच असते असं समजणं हाच तर धोका आहे. तिथेही सगळे रविवार घालवणारेच होते. तुम्ही नियम केलेत, उत्तम. ते पालकांना लेखी दिलेत का?

तंबूठोक्या
तोंडी सांगतो.

झेंडूची आई
मुक्कामाला असणाऱ्या गाईडर कोण हो?

तंबूठोक्या
आमच्याच पथकातल्या एका स्काऊटची आई.

झेंडूची आई
अच्छा. म्हणजे आई.

तंबूठोक्या
प्रशिक्षित आहे. आणि मुलाच्या संघाकडे ती फिरकतसुद्धा नाही.

झेंडूची आई
असेल. आमच्या आयांनाही पाठवते प्रशिक्षणाला, मे महिन्यात, गुरुजींच्या शेजारी बसतील.

अडीच हजारांचं मात्र डोक्यातून जात नाहीये. आमच्या ग्रुपमध्ये सगळे सोसायटीतलेच, शिवाय एक आमच्या वॉचमनचा मुलगा. फार चुणचुणीत आहे. शिबिराला आला नव्हता. 'गावी जायचंय' म्हणाला होता.

पुढचं शिबिर शाळेच्या मैदानावर. फार्महाऊस रद्द. कबांसाठी दोन आया रात्री थांबतील, बाकीच्यांनी शेकोटीलाही यायचं नाही, मला येऊन भांडायचं तर भांडा. तंबू पोरांनी ठोकायचे. पडले तर पडले. चहा मात्र मीच करणार. जिल्हा मेळाव्यात तंबूठोक्यांच्या संघनायकाने केलेला चहा मी प्यायलेय.

तंबूठोक्या
तो चहा नव्हता. बिनभांड्याच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेतलं सूप होतं.

पत्र्याची चाळ
वॉचमनच्या मुलाला आधी सांगा, सगळ्यांच्या देखत नको. आणि 'तुझी फी माफ' असं तर अजिबात म्हणू नका.

झेंडूची आई
नाही म्हणणार.

सांडगी मिरची
अवांतर: उद्या सकाळी गणवेश तपासणी आहे आणि शेफचं वॉगल (स्कार्फ अडकवायचं कडं) हरवलंय. रबरबँड चालेल का?

गुरुजी नाइलाजाने
चालेल. मी बघणार नाही.

तंबूठोक्या
अजिबात चालणार नाही. दोरीचं विणता येतं, अर्ध्या तासाचं काम. त्याला विणू द्या.

सांडगी मिरची
तो झोपलाय. दोरी किती लांब लागते?