मेडलच्या कडेवरचं नाव

सीमाभागातल्या कितीतरी घरांत देव्हाऱ्यात नाहीतर ट्रंकेत जुनं मेडल असतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, त्यामुळं 'मिल्ट्रीतला' माणूस नाही असं गाव इकडं सापडणं कठीण. आपल्या घरच्या मेडलबद्दल लिहा. सुरुवात मी करतो.

माझे पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत शिपाई होते. पहिल्या महायुद्धात इराकातल्या कुत गावाला तुर्कांनी वेढा घातला, त्यात ते सापडले. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली, पुढं कैदेत ते वारले. इराकातल्याच बसऱ्याच्या स्मारकावर त्या युद्धात तिकडं गेलेल्या ४० हजारांहून जास्त जणांची नोंद आहे, पण आपल्या साध्या शिपायांची नावं तिथं कोरली नाहीत, पलटणवार नुसता आकडा घातला. नाव आहे ते फक्त चांदीच्या मेडलच्या कडेवर. आणि तेही आम्हीच घालवलं! दर खंडेनवमीला आज्जी चिंच आणि राख लावून ते लख्ख घासायची. आता नंबर लागतो, नावातली शेवटची दोन अक्षरं लागत नाहीत. तुमच्याकडं असेल तर कृपा करून घासू नका. कडेवरचं आधी वहीत उतरवून घ्या.

चिकोडी
आमच्याकडं मेडल नाही, ब्राँझची तबकडी आहे, वितीपेक्षा लहान. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या घरी ती पाठवत. तिच्यावर सिंह आहे, म्हणून आम्ही पोरं तिला 'सिंहाचं ताट' म्हणायचो. नाव उठावाचं आहे, हुद्दा नाही. गेलेले सगळे सारखे म्हणून तो घातलाच नव्हता, हे फार उशिरा कळलं. म्हाळाच्या दिवशी आज्जी त्यातच घास वाढायची.

निपाणी
७२ च्या दुष्काळात आमच्या आज्जीनं आज्याचं मेडल सराफाला दिलं. अडीच-पावणेतीन तोळे चांदी, घरात पाच पोरं. तिला दोष देणार नाही, कुणी देऊही नये. रिबिन मात्र तिनं दिली नाही. ती अजून पोथीत आहे.

खानापूर
सासरे ७१ च्या लढाईत गेले. पश्चिम आघाडीवर लढलेल्यांचं मेडल, पश्चिमी स्टार, रजिस्टरनं आलं. सासूबाईंनी सही केली, पाकीट घेतलं आणि न फोडता ट्रंकेत, लग्नातल्या चुड्याखाली ठेवलं. "त्यात माणूस हाय काय? मग कशाला फोडायचं?" एवढंच म्हणाल्या, आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. त्या गेल्यावर आम्ही उघडलं. रिबिनीची घडीसुद्धा मोडली नव्हती. ते बघून मी रडले, त्यांच्यासाठी रडले. त्यांना मी कधी नीट विचारलंच नाही.

बेळगाव, कॅम्पाजवळ
माझा धाकटा भाऊ बर्फात गेला. पहिल्या वर्षी कार्यक्रमाला आईला बोलावलं होतं. आईनं मेडल डाव्या बाजूला लावलं, फोटोत त्याचं तसंच होतं म्हणून. एक हवालदार जवळ आले, हळूच म्हणाले, "आई, डावीकडं जवान लावतो. घरच्यांनी उजवीकडं लावायचं." आईनं स्वतःच पिन काढली, पण हात थरथरत होता, पिन लागेना. शेवटी त्यांनी टोपी काखेत धरली, गुडघ्यावर बसले आणि उजव्या खांद्यावरून घेतलेल्या पदराला ते लावून दिलं. आई त्यांच्या डोक्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली.