कोरीडोरास अंडी घालत नाहीत – पाणी थंड करून बदलायचं म्हणजे नेमकं किती?

पाणथळ: पुण्यात ३ फुटी टाकी आहे, त्यात ६ ब्राँझ कोरी (कोरीडोरास, तळाशी राहणारे छोटे मासे). दोन माद्या गाभोळीने टम्म झाल्यात, पण अंड्यांचं नाव नाही. दर रविवारी पाव टाकी पाणी बदलतो, सोसायटीच्या बोअरचं, रात्रभर साठवलेलं. दुकानदार म्हणतो, 'गार पाणी ओता, लगेच घालतील.' किती गार? व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) आला तर?

मत्स्यवेडी: आधी वरून बघा. मादी रुंद दिसते, नर सडपातळ आणि लहान. सहाही माद्याच निघाल्या तर पाणी कितीही बदला, काही उपयोग नाही. एका मादीमागे दोन नर असले की बरं.

वलगण: दुकानदाराचं अर्धंच बरोबर आहे. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की चढणीचे मासे ओढ्यात उलटे चढतात ना? कोरीचं गाव दक्षिण अमेरिकेत, पण हिशोब तोच. पाऊस आला की नदी फुगते, पाणी थोडं गार होतं, त्यातले क्षार पातळ होतात आणि खायला मुबलक मिळतं. माशाला हे सगळं एकदम जाणवतं. नुसतं गार पाणी म्हणजे यातला एकच भाग.

तुमची खरी अडचण बोअर आहे. बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात क्षार जास्त, ते गार करून ओतलं तरी माशाच्या लेखी पाऊस पडतच नाही. म्हणून त्यात निम्मं आरओचं पाणी मिसळा. सगळंच आरओचं घालू नका, पीएच धरून ठेवायला पाण्यात काही उरत नाही.

एक रविवार बदल टाळा, पातळी थोडी उतरू द्या. त्या आठवड्यात ब्लडवर्म (माशांना खायला देतात त्या लाल अळ्या) हात सैल सोडून द्या, पण उरलेलं काढा, नाहीतर अमोनिया चढेल. मग संध्याकाळी हीटर बंद करून निम्मं पाणी बदला. टाकी २६ अंशांवर असेल आणि नवं पाणी २२ चं असेल तर टाकी २४ वर येते. तेवढं पुरे. बादली उंच ठेवून हवेच्या पंपाच्या बारीक नळीने हळूहळू सोडा, भसकन ओतलं की व्हाइट स्पॉटला आमंत्रण. सकाळी काही नसेल तर पुन्हा एकदा, थोडं कमी पाणी. मे महिन्यात टाकी ३० ला असताना हा खटाटोप नको, जूनपर्यंत थांबा. ढग दाटून आले की कोरी जास्त घालतात असं बरेच जण सांगतात, मलाही तसंच वाटतं.

चाहूल अशी लागते: नर मादीच्या मागे काचेवर खालीवर पळतात. मग नर आडवा होतो आणि मादी त्याच्या पोटाला तोंड लावते, वरून इंग्रजी टी. मादी वीर्य चक्क गिळते, ते आतड्यातून झटकन पार होऊन पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर येतं. जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये हे दाखवलं. मला आजही ते बघताना अचंबा वाटतो. मग ती काच तोंडाने साफ करून अंडी चिकटवते.

पाणथळ: भारी! टाकीत बर्फ टाकला तर चालेल?

वलगण: टाकीत नको. पाण्याची बाटली गोठवून ती नव्या पाण्याच्या बादलीत बुडवा, थर्मामीटर लावून २२ आलं की बाहेर काढा.

मत्स्यवेडी: आणि अंडी दिसली की लगेच काढा, आईबापच फस्त करतात. बोटाने हळूच लोळवली की काचेवरून सुटतात, तासाभराने जरा कडक होतात तेव्हा सोपं जातं. टाकीतलंच पाणी डब्यात घेऊन एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा, बुरशी रोखायला मिथिलीन ब्ल्यू या निळ्या औषधाचे दोन थेंब. पांढरी पडलेली उचलून फेका, बुरशी पसरते. तीन ते पाच दिवसांत पिल्लं निघतात.

पाणथळ: घरच्या आरओचं पाणी वापरू ना?

वलगण: हो, पण पिण्याच्या नळाचं. मागच्या पाइपातून वाया जाणारं, आपण फरशीला वापरतो ते, बोअरपेक्षाही जड असतं.