वादळात आडवा झालेला फणस स्वतः कापावा का? चेनसॉ घ्यायचा विचार आहे, अनुभव सांगा

परसदार

नमस्कार मंडळी. आमचं घर दापोली तालुक्यात, आईबाबा गावी असतात आणि मी पुण्यात. गेल्या महिन्यातल्या वाऱ्यापावसात परसातला जुना फणस मुळासकट गेला. पूर्ण जमिनीला टेकलेला नाहीये, शेंड्याकडचा भाग गोठ्यामागच्या गडग्यावर अडकलाय आणि मधलं खोड अधांतरी आहे, बुंध्याकडे मातीसकट मुळांचा गड्डा माणसाच्या उंचीएवढा उभा राहिलाय आणि खाली हा मोठा खड्डा. जाताजाता शेजारच्या ऐनाच्या झाडालाही धक्का दिला, तो कललाय आणि आंब्याच्या बेचक्यात अडकून बसलाय.

गावात कटर मशीनवाला एकच, तो म्हणतो गणपतीनंतर येतो. मी गणपतीला चार दिवस आधी जातोय, चुलतभाऊ मदतीला आहे. ऑनलाइन ५८ सीसीची चेनसॉ बघून ठेवलीय, आठ दहा व्हिडिओ पण बघितले. बुंधा माझ्या कवेत मावत नाही एवढा आहे, त्यामुळे सरपण न करता फळ्या काढाव्यात, ओटीवर झोपाळा करावा अशी आईची फार इच्छा आहे, ते झाड आजोबांनी लावलेलं. तर स्वतः कापावं का, काय काळजी घ्यायची, आणि फळ्या घरीच काढता येतील की सॉ मिलला न्याव्या लागतील? ज्यांनी खरंच हे काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

सुरूबन

आधी एक काम करा, हे वाचून झालं की लगेच घरी फोन लावा आणि सांगा की त्या गड्ड्याखालच्या खड्ड्यात कुणीही उतरायचं नाही, पोरंटोरं तर नाहीच नाही, गुरंसुद्धा त्या बाजूला बांधू नका. बाकीचं नंतर.

मी श्रीवर्धनकडचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाड्या आडव्या झाल्या, सुपारी आणि नारळ तर कुणाचे उभे राहिलेत ते मोजायला सोपं होतं इतकी पडझड. नंतर दीड दोन महिने प्रत्येक घरात कोयते, कुऱ्हाडी आणि मिळाली तर मशीन घेऊन माणसं लागलेली, लाइट नाही, रेंज नाही, आणि रस्ता मोकळा करायची घाई. वादळात जेवढी माणसं जखमी झाली नाहीत तेवढी आमच्या आळीत त्यानंतरच्या कापाकापीत झाली, हे मी डोळ्याने बघितलंय.

आमच्या शेजारच्या काकांचा आंबा तुमच्या फणसासारखाच पडलेला. त्यांनी बुंध्याजवळ, गड्ड्यापासून हातभर अंतरावर मशीन लावलं. खोडाचं वजन होतं म्हणून तो गड्डा वर उचललेला होता ना, ते वजन तुटल्याबरोबर गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसला आणि खोडाचा उरलेला तुकडा उभा झाला. काका दुसऱ्या बाजूला फेकले गेले, कमरेचं हाड मोडलं, अजून काठी लागते. आणि त्या खड्ड्यात त्यांचे दोन नातू दुपारभर खेळत होते, पाच मिनिटं आधी आजीने जेवायला हाक मारली म्हणून ते वर आले. मला अजून ते आठवलं की हात गार पडतात.

म्हणून पडलेल्या झाडाला मेलेलं समजू नका, त्याच्यात ताण भरलेला असतो. तुमचं खोड दोन्हीकडे टेकलंय आणि मध्ये अधांतरी आहे म्हणजे वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली. वरून सरळ कापत गेलात तर बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी, चिमटून बसणार. तिथे वरून साधारण तिसरा हिस्सा कापायचा, चिमटायला लागायच्या आधी थांबायचं आणि मग खालून वर येऊन पूर्ण करायचं. एखादी फांदी एकाच टोकाने धरलेली आणि दुसरं टोक लोंबतंय असं असेल तर उलट, आधी खालून थोडं आणि मग वरून. खालून कापताना चेन मशीनला तुमच्याकडे ढकलते, त्यामुळे पाय पक्के पाहिजेत, आणि खोडाच्या खाली शरीराचा कुठलाही भाग नको. उतार असेल तर वरच्या अंगाला उभं राहायचं, ओंडका सुटला की खालीच घरंगळतो.

आणि गड्डा दोरखंडाने नाहीतर चेनपुलीने दुसऱ्या भक्कम झाडाला बांधल्याशिवाय बुंधा सोडवायचाच नाही. तो मागे बसेल की पुढे तुमच्या अंगावर येईल हे बघून सांगता येत नाही. हे काम तुमचं पहिलं काम असू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

आंबोलीचा_पाऊस

सुरूबन यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी माझ्या खांद्याची गोष्ट सांगतो, कारण व्हिडिओ बघून शिकलेला मीच.

नऊ वर्षं मशीन वापरतोय, पण हे झालं तिसऱ्या वर्षी, म्हणजे जेव्हा भीती गेलेली असते तेव्हा. पडलेल्या आंब्याच्या फांद्या छाटत होतो, पानोळा एवढा की पलीकडचं दिसत नव्हतं. बारचं टोक पलीकडच्या दुसऱ्या फांदीला लागलं. बारच्या टोकाचा जो वरचा अर्धा भाग असतो ना तो कशाला टेकला की चेन लाकडात अडते आणि पूर्ण मशीन उसळून सरळ तुमच्या तोंडाकडे येतं, याला किकबॅक म्हणतात, आणि ते इतक्या पटकन होतं की तुम्हाला बाजूला व्हायला वेळ मिळतच नाही. माझं नशीब की पुढच्या हँडलसमोरचं गार्ड मनगटाला लागलं आणि चेन ब्रेक बसला. तरी डाव्या खांद्यावर चौदा टाके. ब्रेक नसता तर मान होती. त्यामुळे स्वस्तातलं मशीन घेणार असाल तर चेन ब्रेक खरंच बसतो का ते आधी तपासा, नुसतं साधं चालू ठेवून कळत नाही कारण तेव्हा चेन फिरतच नसते, मशीन दोन्ही हातांनी पक्कं धरून रेस द्या आणि चेन फिरत असताना डाव्या मनगटाने गार्ड पुढे ढकलून बघा, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे.

डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलच्या खालून गुंडाळलेला पाहिजे, नुसता वर ठेवलेला नको. खांद्याच्या वर कधी मशीन न्यायचं नाही. शिडीवर उभं राहून तर अजिबात नाही, आमच्याकडे माडाला शिडी लावून मशीन चालवणारे बघितलेत, मी त्यांना हात जोडून खाली उतरवलंय. चालू करताना हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढायची सवय सगळ्यांना असते, ती लावूनच घेऊ नका, जमिनीवर ठेवायचं, मागच्या हँडलमध्ये बुटाचं टोक आणि चेन ब्रेक लावलेला. पेट्रोल भरताना सायलेन्सर थंड होऊ द्या, आणि भरलं त्याच जागी चालू करू नका, दहा पावलं लांब जा.

चेनला धार नसेल तर माणूस जोर लावतो आणि जोर लावला की तोल जातो. धार आहे की नाही ते भुश्श्यावरून कळतं, जाड सालपटं पडत असतील तर ठीक, पिठासारखा भुगा पडायला लागला की थांबा आणि कानस घ्या. नारळाचं खोड कापलंत तर धार फार लवकर जाते हेही लक्षात ठेवा.

आता तुमचा तो ऐन. फणसापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. अडकलेल्या झाडाखाली जायचं नाही, आंब्याची बेचकी कापून त्याला मोकळा करायचा नाही (हे खूप जण करतात, मग दोन्ही झाडं एकदम येतात), आणि त्याच्यावर चढून हलवायचं तर विचारही नको. लांबून चेनपुली लावून बुंध्याकडून मागे ओढून काढतात, ते माहीतगारालाच करू द्या. दोर झाडाच्या उंचीपेक्षा बराच लांब पाहिजे आणि हाताला गुंडाळून कुणीही धरायचा नाही.

ओटीवरची_पणती

मी इथे फारसं लिहीत नाही पण हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

माझे बाबा आयुष्यभर शेतकरी, कुऱ्हाडीचा हात इतका चांगला की गावात कुणाचं झाड घरावर येणारं असलं की त्यांनाच बोलवायचे. बांधावरची एक निलगिरी पुढे कललेली होती. भाड्याने मशीन आणलं, आणि कुऱ्हाडीच्या सवयीने मागून कापायला घेतली, पुढे खाच नीट घेतलीच नाही. कललेलं झाड पुढे ओढत असतं, अर्ध्यापर्यंत कापल्यावर ते तुटलं नाही, उभं फाटलं. मधोमध वरपर्यंत चीर गेली आणि मागचा अर्धा भाग उसळून बाबांच्या जबड्यावर बसला. बाबा वाचले. पण दोन ऑपरेशनं, सहा महिने पातळ पदार्थ, आणि ते आता पूर्वीसारखे बोलत नाहीत, कमी बोलतात.

नंतर मी याबद्दल बरंच वाचलं, कारण मला कळायला हवं होतं की काय चुकलं. उभं झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच घ्यायची, जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा थोडं वर, काप घ्यायचा, पण आरपार नाही. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी ठेवायची, ती बिजागरीसारखं काम करते आणि झाडाला हळूहळू दिशेने नेते. मागून पाचर मारत जायचं. आणि कापायच्या आधी पळायची वाट मोकळी करून ठेवायची, झाड पडणार त्याच्या मागे तिरकी, कारण सरळ मागे बुंधा उसळतो. जास्त कललेल्या झाडाला तर हे पण पुरत नाही, त्याची पद्धतच वेगळी आहे. बाबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. मशीन भाड्याने देणाऱ्याने फक्त चालू कसं करायचं ते दाखवलं.

परसदार दादा, भाऊ बरोबर आहे हे चांगलं आहे, एकट्याने करूच नका. पण भावालाही झाडाच्या दुप्पट उंचीएवढं लांब उभं करा, जवळ येऊन फांदी धरायला लावू नका. वाडीत कुठे रेंज येते ते आधी बघून ठेवा, गाडी रस्त्याकडे तोंड करून लावा, १०८ ला पत्ता कसा सांगायचा ते ठरवून ठेवा. आमच्याकडे बाबांच्या जखमेत आधी हळद भरली कुणीतरी, चांगल्या मनानेच भरली, पण डॉक्टरांना ती धुऊन काढण्यात वेळ गेला. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि निघायचं, एवढंच. आणि पालापाचोळ्यात हात घालायच्या आधी काठीने हलवून बघा, कोकणात पडलेल्या झाडाखाली फुरसं, म्हणजे तो विषारी साप, असतंच असतं.

आऱ्यावरचा

सॉ मिलमध्ये २२ वर्षं काढलीत, म्हणून फळ्यांबद्दल लिहितो.

घराजवळच्या फणसात हमखास लोखंड असतं. कपडे वाळत घालायची दोरी बांधायला मारलेला खिळा, कुंपणाची काटेरी तार, आकाशकंदिलाचा हूक. वरून साल चढलेली असते, वीस वर्षांत ते सहा इंच आत जातं. आमच्याकडे एकाने परसातला ओंडका आणला, विचारलं तर म्हणाला काही नाही हो त्यात. आऱ्याचं पातं म्हणजे दोन चाकांवर फिरणारा दातांचा पट्टा, खिळ्याला लागून तो तुटला आणि सटकून बाहेर आला. समोरचा मुलगा पाणी प्यायला गेलेला. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या आईला फोन लावायला लावतो, कारण खिळा कुठे मारला ते घरातल्या बायकांनाच माहीत असतं. तुम्हीही आईंना विचारा. लाकडात कुठे निळसर काळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असं समजायचं. गिरणीत सांगा, लपवू नका, ते जास्तीचे पैसे घेतील पण सांगा.

चेनसॉने घरी फळ्या काढता येतात, त्याला वेगळी चेन आणि फ्रेम मिळते, पण उभ्या रेषेत कापताना मशीन फार तापतं आणि कवेत न मावणारा बुंधा तुमच्या त्या मशीनला झेपणार नाही. सात सात फुटांचे ओंडके करून गिरणीत न्या. दोन्ही तोंडांना लगेच ऑइल पेंट फासा नाहीतर चिरा जातील. फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचायच्या, इंचाला साधारण एक वर्ष धरा. झोपाळा पुढच्या गणपतीलाही होईलच असं नाही, आईंना आधीच सांगून ठेवा.

गोल पात्याच्या मशीनवर सुताराकडे काम करून घेताना बघायला उभे राहाल तर पात्याच्या सरळ रेषेत उभं राहू नका, फळी चिमटली की मागे गोळीसारखी येते. हातमोजे घालून त्या पात्याजवळ काम करणारा दिसला तर त्याला काढायला सांगा, मोज्याचा धागा अडकला की हात आत जातो, माझ्या सोबत्याची दोन बोटं अशीच गेली. नाकाला चांगला मास्क पाहिजे, जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था लाकडाचा भुसा कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत धरते. आम्ही तरुणपणी तोंडाला रुमालही बांधला नाही, आता जिना चढताना कळतं.

आणि परवानगी. फणस, आंबा, ऐन तिन्ही १९६४ च्या झाडं तोडण्याच्या कायद्याच्या यादीत आहेत. वादळाने पडलं असलं तरी फोटो काढा, तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्या आणि वनखात्याला विचारूनच ओंडके रस्त्यावर काढा, नाहीतर टेम्पो नाक्यावर अडकेल.

राइनकाठचा_मराठी

छोटीशी भर. मी जर्मनीत राहतो, इथे सरकारी जंगलात पडलेली झाडं सरपणासाठी स्वतः कापून आणायला परवानगी मिळते, पण आधी चेनसॉचं सर्टिफिकेट मागतात. मी दोन दिवसांचा कोर्स केला, पहिला दिवस तर मशीनला हातच लावू दिला नाही. तिथे घालायला लावतात ती पँट आत लांब धाग्यांच्या थरांची असते, चेन लागली की धागे बाहेर ओढले जाऊन चेनच्या चाकात गुंततात आणि मशीन बंद पडतं. आता भारतातही मिळते, हेल्मेट जाळी आणि कानाच्या मफसकट. मशीनच्या बजेटमध्ये हे आधी धरा. लुंगी किंवा बर्मुडा आणि स्लीपरवर मशीन चालवणारे गावाकडचे फोटो येतात तेव्हा फार अस्वस्थ व्हायला होतं.

परसदार

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरूबन, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच बाबांना फोन केला. ते म्हणाले खड्ड्यात पाणी साचलंय म्हणून वाडीतली पोरं रोज तिथे बेडूक धरायला येतात. बाबांनी संध्याकाळीच भोवती बांबू रोवून करवंदीच्या काट्या लावल्या आणि प्रत्येक घरी जाऊन सांगून आले. गोठ्यातली गाय पण चुलत्यांकडे बांधलीय.

मशीन सध्या घेत नाही. कटरवाल्याला फोन केला, गड्डा बांधायला आणि ऐन ओढायला चेनपुली आहे का विचारलं, तर म्हणाला त्याच्याकडे दोन आहेत आणि तो तसंही पाऊस उघडल्याशिवाय त्या उतारावर उभा राहणार नव्हता, म्हणूनच गणपतीनंतर म्हणाला होता. मी दिवाळीला सुट्टी टाकतोय, तेव्हा त्याच्या हाताखाली फक्त लहान फांद्या छाटीन, त्या पँटची ऑर्डर आजच देतो.

आऱ्यावरचे काका, आईला विचारलं. पाच खिळे आहेत म्हणाली. तीन दोरीचे, एक आजोबा कंदील लावायचे तो, आणि पाचवा माझ्या पाळण्यासाठी मारलेला, तो आता कुठे गेला ते तिलाही दिसत नाही, पण जमिनीपासून तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर, विहिरीच्या बाजूला होता. खडूने तेवढा भाग आखून ठेवायला सांगितलाय.